सातची, अकराची, तीनची, सातची

१२ सप्टें., शुक्र.
गो. ३/४. दुपारी तीनची राहिली. लिहून ठेवते, लपवत नाही. ह्यांच्या कंपवाताची गोळी किती वाजता दिली ते मांडायला डॉक्टरणीने ही वही दिली. रोजच्या चार ओळी भरतात, बाकी पान कोरं. कोरं कशाला ठेवायचं म्हणून बाकीचंही लिहिते.

मी खुर्चीत टेकले आणि डोळा लागला. पावणेपाचला उठून बघते तर हे फ्रीजपुढे उभे. फ्रीज उघडा, पाय जमिनीला चिकटलेले. गोळी वेळेवर गेली नाही की असंच होतं, माणसाचा पुतळा होतो. "किती वेळ झाला उभे आहात?" तर म्हणाले, "दूध गरम झालं असंल आता, च्या टाक."

संध्याकाळी मिलिंदने ऑफिसचा आवाज काढला. "आई, हे असं नाही चालणार. बाबांना डे-केअर सेंटरमध्ये टाकू. नऊ ते पाच. नर्स असते, सगळं टाइमवर." एक डिसेंबरपासून जागा आहे म्हणे, नावही देऊन आला.
टाकू म्हणाला. जुना सोफा आहेत का ते.

१५ सप्टें., सोम.
गो. ४/४. मि.ने ह्यांच्या फोनमध्ये गोळ्यांचं ॲप घातलं. त्यातली बाई इंग्रजीत गोड बोलते. गोळी घेतली की "ग्रेट जॉब" म्हणते आणि रंगीत कागद उडवते. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसावर.
हे मला म्हणाले, "ही कोण वं?"
"मिलिंदने आणली."
"परत पाठव."
दुपारी ती बोलत राहिली, हे खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी मीच जाऊन ओरडले तेव्हा गोळी गेली.

मि.चं स्वतःचं वेगळंच ॲप आहे, श्वासाचं. घंटी वाजली की श्वास घ्यायचा, दुसरी वाजली की सोडायचा. सकाळी तो डोळे मिटून बसलेला असताना मी विचारलं, पोहे की उपमा. केवढ्याने खेकसला! म्हणे, "माझं मेडिटेशन तोडलंस." आम्ही विहारात चटईवर बसायचो. श्वास येतो, श्वास जातो, बघायचं, एवढंच. शेजारी लेकरं रडायची, कोणाचं काही तुटत नव्हतं.

२० सप्टें., शनि.
गो. ४/४. रश्मीशी वाजलं. मी म्हटलं, तुम्ही नवरा-बायको दिवसभर कॉम्प्युटरपुढे, आणि म्हाताऱ्याला चार गोळ्यांची आठवण देईल असं धड यंत्र तुमच्या हातून होत नाही. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "आई, तुम्हाला इतकं कळतंय तर तुम्हीच बनवा."
"बनवते."
"बनवा ना."
"बनवते म्हटलं ना!"
जेवणं झाल्यावर माझा टॅब घेऊन आली. लहान पोरांना प्रोग्रॅम शिकवतात तसलं काहीतरी त्यात घातलं. ठोकळे असतात, एकात एक बसवायचे. बसला नाही तर चुकलं. म्हणाली, "ह्याला टायपिंग लागत नाही." म्हणजे माझी चौथी काढली. काढू दे. चौथी पास आहे, नापास नाही.

२५ सप्टें., गुरु.
गो. ४/४. रश्मीने आज 'जर'चा ठोकळा समजावला. जर असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर. तासभर समजावत होती. मी म्हटलं, थांब.

सव्वीस वर्षं नागपूरला संत्र्याच्या छाटणीवर बसले. संत्रं हातात आलं: जर नासकं, तर डावी टोपली. नाहीतर जर मोठं, तर पहिली पेटी. नाहीतर मधलं, तर दुसरी. उरलं ते रसवाल्याला. ती जे तासभर सांगत होती ते मुकादमाने मला सोळाव्या वर्षी एका शिवीत शिकवलं होतं.
आणि क्रम चुकवायचा नाही. नासकं आधी बघायचं. मोठं आधी बघितलं की मोठं नासकं पहिल्या पेटीत जातं, आणि चार दिवसांत सगळी पेटी घेऊन बसतं.
रश्मी बघतच राहिली. म्हणाली, "आमच्या टीममधल्या दोघांना हे अजून कळलेलं नाही." मग उठून चहा केला. मी सांगितला नव्हता.

१ ऑक्टो., बुध.
गो. ४/४. अडलं की त्या बोलक्या एआयला विचारते. मराठी समजतो. पण काही विचारा, आधी म्हणतो फारच छान प्रश्न. मी मुद्दाम विचारलं, गोळी फ्रीजला देऊ का? तर म्हणाला विचार चांगला आहे, पण. असा मुकादम असता तर सगळी नासकी संत्री पॅक होऊन मुंबईला पोचली असती.
कामाचं तेवढं घेते. तारीफ डाव्या टोपलीत.

टॅबचं घड्याळ नागपूरच्या वेळेवर आहे, तिथून आणला तेव्हापासून. बदलत नाही. बहिणीला भलत्या वेळी उठवू नये म्हणून. म्हणून वेळाही नागपूरच्याच बसवल्या. इथे परदेशात, मॉरिसव्हिलला, सकाळचे सात म्हणजे तिथे दुपारचे साडेचार. अकरा म्हणजे रात्रीचे साडेआठ. बोटांवर मोजून चारही बसवल्या. बरोबर वाजतात.

५ ऑक्टो., रवि.
गो. ४/४. चाललं! माझं पहिलं यंत्र चाललं. सातला टॅब माझ्या आवाजात बोलला: "अहो, गोळी घ्या, मग बसा टीव्ही बघत." हे दचकून उठले आणि मला स्वयंपाकघरात शोधायला आले. मी तर मागच्या अंगणात मेथीला पाणी घालत होते. दोन महिन्यांत पहिल्यांदा गोळीच्या वेळी मी घराबाहेर.

बटण मोठं केलंय. म्हणजे अख्खी काचच बटण. ह्यांचं बोट एका जागी बसत नाही, कुठेही लागलं तरी गोळी घेतली असं टॅब मांडतो.
रश्मी टेस्टर आहे. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा तिला पगार मिळतो. माझ्या स्वयंपाकातल्या वीस वर्षं काढल्या, त्या हौस म्हणून. ती टॅबपुढे बसली, हात ह्यांच्यासारखा थरथरवला आणि काचेला लावला. बोट दोनदा लागलं. टॅबने दोन गोळ्या मांडल्या आणि अकराची हाक मारलीच नाही.
मी ताडकन म्हटलं, "मुद्दाम केलंस."
"मुद्दामच करायचं असतं, आई. बाबा मुद्दाम करणार नाहीत, पण होणार तेच."
हे बाजूला बसून बघत होते. म्हणाले, "पोरीनं नक्कल बरोबर केली माझी." आणि हसले. कितीतरी दिवसांनी.

९ ऑक्टो., गुरु.
गो. ४/४. एकदा बोट लागलं की दहा मिनिटं टॅब बहिरा. तो ठोकळा बसवायला मला तीन दिवस गेले. रश्मीला सांगितलं तर म्हणाली, तीन दिवस म्हणजे लवकर झालं.

टॅबने स्वतःला अपडेट केलं, मला न विचारता. सगळी चित्रं हलवून ठेवली. सून नवी आली तेव्हा तिनेही माझे डबे असेच हलवले होते, पण ती निदान आठ दिवस नजर चुकवत होती.

१२ ऑक्टो., रवि.
गो. ४/४. मि.ला बसवून दाखवलं. त्याने दोनदा चालवून बघितलं, मान हलवली. "आई, यू डिड धिस? खरंच?" मग लगेच साहेब झाला. "पण सेंटरची जागा मी सोडत नाही. एक महिना बघू. एक जरी गोळी मिस झाली तरी बाबा जाणार. डील?"
मी म्हटलं, कागदावर लिही. त्याने लिहिलं आणि फ्रीजला लावलं: *दिवसाला चार गोळ्या, चार-चार तासांच्या अंतराने, एक महिना, एकही न चुकता.* खाली सही केली. मीही केली. माझी सही त्याच्यापेक्षा वाचता येते.
उद्यापासून सुरू.

२२ ऑक्टो., बुध.
टॅब म्हणतो ४/४. काल ४/४. परवा ४/४. खोटं आहे.
ह्यांचा स्वेटर धुवायला काढला. खिशात पाच गोळ्या.
टॅबला काय दोष देऊ. काचेला बोट लागलं एवढंच त्याला कळतं, घशातून काय गेलं ते कसं कळणार. आपण त्याला खोटं सांगितलं की तो तेच नीटनेटकं मांडून ठेवतो. आणि मी मूर्ख, मांडलेलं वाचून खूश. छाटणीवर असताना पेटीवरची चिठ्ठी वाचून कधी संत्रं पास केलं नाही. हातात घेऊन बघायची. इथे बघायचं सोडलं.

ह्यांच्यापुढे गोळ्या ठेवल्या. "हे काय?"
मान खाली. मग म्हणाले, "तू डब्यातून बोलून राहिली. मी पाहायला येतो तर तू नाई. मले येड्यावानी वाटते." आणि थोड्या वेळाने, "पस्तीस वर्षं मी लोकायले सांगितलं, चला, बसा, उतरा. आता टॅब मले सांगते."
मी वरण फोडणीला टाकलं.

२३ ऑक्टो., गुरु.
गो. ४/४, प्रत्येक गोळी माझ्या डोळ्यांदेखत.
रश्मीला खिशातल्या गोळ्यांचं सांगितलं. मि.ला सांगू नये असं मनात होतं. फ्रीजवर सही आहे, पाच गोळ्या म्हणजे खेळ खलास. रश्मी म्हणाली, "सापडलेली चूक लपवायची नसते, आई. एकदा लपवली की तुमच्या पुढच्या चाळीस खऱ्या गोष्टींवर कोणी विश्वास ठेवत नाही."
जेवायच्या टेबलावर सांगितलं. मि.ने घास खाली ठेवला. "मग संपलं. सॉरी, आई."
तेव्हा रश्मी उठली. नवऱ्याशी ऑफिसातल्यासारखी बोलली. "टेस्ट फेल झाली म्हणून प्रॉडक्ट फेकून देतोस का तू? दुरुस्त करतात आणि पहिल्यापासून परत चालवतात. एक तारखेला अजून वेळ आहे. आणि चूक कुणी आणून दिली? त्यांनीच ना?"
मि. तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "तुम्ही दोघी एका टीममध्ये कधीपासून?"
महिना पुन्हा पहिल्यापासून. उद्या ते चोवीस नोव्हेंबर.

२४ ऑक्टो., शुक्र.
गो. ४/४. गिळल्या. बघितल्या.
रात्रभर विचार करून सुचलं नाही, पण सकाळी भाजी निवडताना लख्ख समजलं. मी यंत्र माझ्यासाठी बनवलं होतं. मला अंगणात जायला मिळावं म्हणून. ज्याच्यासाठी बनवायचं त्याला विचारलंच नाही.

हे एसटीत कंडक्टर होते. नागपूर-काटोल, नागपूर-उमरेड, शेवटची काही वर्षं रामटेक. घरात कधी वेळ पाळली नाही, पण गाडी एक मिनिट उशिरा सुटली तर जेवत नसत.
टॅब पुढे केला. "तुम्ही बोला."
"काय बोलू?"
"सातची गाडी कशी सोडत होते?"
आजारात ह्यांचा आवाज बसलाय, पुटपुटल्यासारखा झालाय. पहिल्यांदा काही उमटलं नाही. दुसऱ्यांदा खोकले. तिसऱ्यांदा खुर्चीत ताठ झाले, मान वर केली, आणि असा आवाज निघाला की रश्मी मीटिंग सोडून खाली धावत आली. "चला सातची! सातची गाडी! चढा लवकर, मागचे पुढे सरका!"
मग अकराची, तीनची, संध्याकाळची सातची. प्रत्येकीची हाक वेगळी. तीनचीला म्हणाले, "तीनच्याला गर्दी नसते, जरा हळू बोलतो."

गोळी गिळून झाली की काचेला बोट, आणि टॅबमधून घंटी, टिंग टिंग. दोनदा दिली की गाडी सुटली. ह्यांचं बोट आपोआप दोनदा लागतं. दहा मिनिटं बहिरा राहायचा ठोकळा मी काढून टाकला. त्याऐवजी दोन टिंग म्हणजे एक गोळी, असा घातला. तीन दिवस खपून बसवलेला ठोकळा काढताना वाईट वाटलं नाही. नासकं नव्हतं, पण ह्या पेटीचं नव्हतं.

३० ऑक्टो., गुरु.
सात दिवस, सगळ्या. आता टॅब हाक मारायच्या आधीच हे गोळी हातात घेऊन उभे असतात. गिळतात, ग्लास उपडा करून मला दाखवतात, मग घंटी. "गाडी रिकामी नाई गेली," म्हणतात.
नात संघमित्रा पेनसिल्व्हेनियात कॉलेजला आहे, तिला फोनवर ऐकवलं. "आजी, दॅट इज सो कूल! यू आर अ डेव्हलपर नाऊ." मी म्हटलं, आता नाही, महिनाभरापूर्वीच झाले, तू फोन उशिरा केलास.

२ नोव्हें., रवि.
आज घोटाळा.
पहाटे सगळे झोपलेले आणि खालून आरोळी, "चला सातची!" हे उठले, गोळी घेतली, टिंग टिंग. मि. डोळे चोळत जिन्यावर. "आई, सहा वाजलेत!"
माझ्या हातावरचं घड्याळ सात सांगत होतं. त्याचा फोन सहा. मग रश्मीने डोक्याला हात लावला. ह्या लोकांनी काल रात्री घड्याळं तासभर मागे घेतली. दर वर्षी घेतात. नागपूरला असलं काही नसतं, आणि टॅब नागपूरच्या वेळेवर. इथल्या लोकांनी घड्याळ हलवलं, टॅबला कोण सांगणार.
रश्मी पुटपुटली, "सगळं तपासलं मी. वेळ कुठली ते तपासलंच नाही." तिचं तोंड बघून मला बरं वाटलं नाही, हे विशेष.

मि. म्हणाला, "एक तास आधी म्हणजे मिसच. रूल इज रूल."
मी म्हटलं, "कागद वाच."
"काय?"
"तूच लिहिलाय. वाच."
फ्रीजपुढे उभा राहून वाचला. चार गोळ्या, चार-चार तासांच्या अंतराने. त्यात सात वाजता असं कुठे लिहिलंय? काल संध्याकाळची आणि आज सकाळची ह्यांच्यात रोजचेच बारा तास. तुझ्या बापाच्या पोटात घड्याळ मागे घ्यायला कोणी आलं नव्हतं. घड्याळ सरकारने हलवलं, गोळी जागच्या जागी आहे.
रश्मी हसू दाबत म्हणाली, "टेक्निकली, रिक्वायरमेंट पूर्ण आहे."
मि. म्हणाला, उद्या डॉक्टरकडे फोन करून विचारतो. विचार.

हे फक्त इथे लिहिते: मला हे घड्याळाचं ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मीच हाक तासभर पुढे ढकलली असती. चूक होती, माझ्या बाजूने पडली. तिथे बोलले नाही.

३ नोव्हें., सोम.
गो. ४/४. डॉक्टरणीकडची नर्स फोनवर मि.ला काय म्हणाली ते त्याने स्पीकरवर घातलं, त्याला वाटलं मला ऐकवावं. तिने सांगितलं, अंतर सारखं ठेवलंत ते उत्तम केलंत, घड्याळ बदललं की बरेच जण इथेच चुकतात. आता रोज पंधरा-पंधरा मिनिटं सरकवा, चार दिवसांत सातवर या. मग विचारलं, "कुठलं ॲप वापरता?"
मि. म्हणाला, "माय मदर मेड इट."
मी पोळीला तूप लावत होते. दोनदा लावलं.

टॅबचं घड्याळ मॉरिसव्हिलचं केलं. बहिणीची वेळ डोक्यात मोजेन.

९ नोव्हें., रवि.
गो. ४/४. सातवर आलो. सातची आता सातलाच सुटते. हे म्हणाले, चार दिवस गाडी लेट चालवली, लोक काय म्हणले असतील.

मि.चं श्वासाचं ॲप रुसलं. काल कामात बसायचं राहिलं तर त्याचे रोज मोजलेले दिवस शून्यावर आले. तोंड एवढंसं करून बसला होता. मी त्याच्यापुढे संत्र्यांची पिशवी ओतली, दुकानातून आणलेली, बारकी. म्हटलं, छाट. नासकी, मोठी, मधली.
"आई, मला टाइम नाही."
"छाट."
सुरुवातीला फोन बघत छाटत होता. एक मऊ पडलेलं मोठ्यात टाकलं. मी काढून त्याच्या हातात परत दिलं. मग फोन बाजूला ठेवला. संत्रं फिरवून बघायला लागला, देठाकडे दाबायला लागला. सगळी संपली तरी बसून होता. म्हणाला, "आई, तू दिवसभर हेच करायचीस?"
"हेच."
"डोक्यात काय चालायचं?"
"संत्रं."
त्याने एक सोलून अर्धं मला दिलं. मोजणारं कोणी नव्हतं, शून्यावर जायचा प्रश्न नाही.

१५ नोव्हें., शनि.
गो. ४/४. शेजारची लिंडा टॅबची हाक ऐकून विचारायला आली. तिच्या नवऱ्यालाही गोळ्या आहेत, तोही ऐकत नाही. मला तसंच बनवून दे म्हणाली. रश्मी मध्ये बसून सांगत होती.
मी पहिलं विचारलं, तो आधी काय करायचा?
शाळेत बँड शिकवायचा.
मग त्याच्याकडून वाजवून घे म्हटलं. बोलू नको, तुझ्या बोलण्याला तो चाळीस वर्षांत कंटाळला असेल. रश्मीने हे कसं भाषांतर केलं माहीत नाही, पण लिंडा फार हसली.

माझं यंत्र दिवसातून चारदा बोलतं, बाकी वेळ गप्प बसतं. आवडलं का विचारत नाही, तारे मागत नाही, नवीन काय आहे ते सांगत नाही. ह्या घरात एवढं शहाणं दुसरं कोणी नाही. मी धरून.

२४ नोव्हें., सोम.
महिना पूर्ण. एकही चुकली नाही. खिसे रोज बघितले, गाद्या बघितल्या, कुंडीतली माती उकरून बघितली. रश्मीने वेगळी वही ठेवली होती, माझ्यावर नजर ठेवायला, तिचीही जुळली.
मि.ने फ्रीजवरचा कागद काढला. म्हणाला, "जिंकलीस."
"लिहून दे."
खरंच लिहिलं. त्याच कागदाच्या मागे: आई जिंकली. सही. मी तो ह्या वहीत चिकटवलाय, मागच्या पानावर, डिंक जास्त लागला.
सेंटरला फोन करून जागा सोडतो म्हणाला. रश्मीने शिरा केला. मला विचारलं, गोड पुरे का. वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. कमी होतं. पुरे म्हटलं.

२६ नोव्हें., बुध.
गो. ४/४. मि. सेंटरला फोन लावत होता तेवढ्यात हे म्हणाले, "ठेव."
"काय, बाबा?"
"फोन ठेव. तिथं काय असते?"
मि. गोंधळला. गाणी, व्यायाम, पत्ते, दुपारचं जेवण, असं काहीतरी बोलला.
"पत्ते कोणते खेळतात?"
कोणालाच माहीत नव्हतं. दोन महिने आम्ही तिघं भांडलो, कागद केला, सह्या केल्या. ते सेंटर आतून कसं आहे, असं विचारणारे हेच पहिले.
मी म्हटलं, "तुम्हाला जायचं आहे?"
"टाकता म्हणत होते तवा नाई जायचं होतं. आता पाहून येतो. मी जाईन अन् मी येईन."
माझ्याकडे न बघता म्हणाले. राहायचं की जायचं हे त्यांच्या हातात यावं म्हणून तर झगडले. फक्त असं वापरतील वाटलं नव्हतं.

३ डिसें., बुध.
गो. सातची १/४, अकराची २/४.
मि. त्यांना बारा वाजता घेऊन गेला. नुसतं बघायला, पाचपर्यंत. कडक इस्त्रीचा शर्ट. पिशवीत टॅब. सेंटरच्या नर्सने फोनवर सांगितलं, गोळी आमच्या कपाटातून आम्ही देऊ. ह्यांनी मि.कडून सांगायला लावलं, गोळी द्या, घंटी मी देईन.
जाताना मी दारात होते. "पत्ते हरू नका."
"तू झोपू नको," म्हणाले.

घर मोठं आहे हे आज समजलं. रश्मी वर मीटिंगमध्ये. मेथी तोडली, निवडली, धुतली. मग वही घेतली.
घड्याळात दोन सत्तावन्न. तिथे आत्ता ती हाक निघेल, जरा हळू आवाजातली. परक्या खोलीत, परक्या माणसांत. हे उठतील की लाजतील, की खिशात घालतील, इथून काय कळणार. रश्मी म्हणाली होती, टॅबमधून मला मेसेज येईल असा ठोकळा बसवू का. मी नको म्हटलं. गाडी त्यांची आहे.
फोन समोर आहे. लावणार नाही.
तीन वाजले. गो. ३/